थंबप्रिंट कुकीचा खळगा बुजतोय?
ओव्हनमध्ये कुकी फुगते आणि अंगठ्याने केलेला खळगा बुजतो. १७५ अंशांवर १२ मिनिटांनी ट्रे बाहेर काढला, की कुकी गरम आणि लुसलुशीत असतानाच छोट्या चमच्याच्या पाठीने खळगा पुन्हा हलकेच दाबा. गार झाल्यावर दाबलात तर सरळ तुकडे! चॉकलेट-हेझलनट स्प्रेड कुकी पूर्ण गार झाल्यावरच भरा. आधी भरलेलं सुकून चामट होतं.

हेझलनट भाजून गरम असतानाच पंच्यात चोळा, कडवट साल सुटते. महाग वाटतात? मी अर्धे आजऱ्याचे काजू घालते, कोल्हापुरात राहून तेवढा हक्क आहेच. पावसाळ्यात मात्र घट्ट झाकणाचाच डबा घ्या, इथल्या दमट हवेत कुकी लगेच सादळते.