प्रवाळ पर्मियनचे की ट्रायासिकचे? कापातून ओळखण्याची पद्धत

सुमारे २५ कोटी १९ लाख वर्षांपूर्वी, पर्मियन या भूशास्त्रीय कालखंडाच्या शेवटी झालेल्या महाविलोपात रुगोझा आणि टॅब्युलाटा हे प्रवाळांचे जुने गट संपले. आजची प्रवाळे ज्या गटातली, तो स्क्लेरॅक्टिनिया गट खडकांत दिसू लागतो थेट मध्य ट्रायासिकमध्ये, म्हणजे पर्मियननंतरच्या कालखंडाच्या मधल्या भागात. बाहेरच्या आकारावर मात्र अजिबात विसंबू नका. शिंगासारखी एकेकटी प्रवाळे, नळ्यांचे जुडगे, मधाच्या पोळ्यासारख्या वसाहती हे आकार दोन्ही काळांत आहेत. खरी खूण आतल्या उभ्या पडद्यांत, म्हणजे सेप्टांत असते.

नमुना काढण्याआधी त्यावर वरची दिशा बाणाने दाखवा आणि थराचा क्रमांक लिहा. मग दोन काप घ्या: एक नळीला आडवा, एक उभा. शिंगासारखे प्रवाळ असेल तर टोकाजवळ २-३ मिलिमीटरवर एक जास्तीचा आडवा काप घ्याच. पडदे कोणत्या क्रमाने आले हे लहान वयाच्या भागातच कळते. मोठेपणी रुगोझाही चाकासारखे गोल, सारखे दिसते आणि फसवते.

कापलेली बाजू काचेवर सिलिकॉन कार्बाइड पावडरीने २२०, ४००, ६०० आणि शेवटी १००० नंबरवर घासा. प्रत्येक नंबरनंतर नमुना नीट धुवा. जाड पावडरीचा एक कण राहिला तरी ओरखडे थेट छापात, म्हणजे पुढे प्लास्टिकच्या शीटवर उमटणाऱ्या नकलेत, उतरतात. आता ५ टक्के हायड्रोक्लोरिक आम्लात १०-१५ सेकंद बुडवा. आम्ल पाण्यात घालायचे, पाणी आम्लात नाही. हलकेच धुवून उभे ठेवून वाळवा, पृष्ठभागाला बोट लावू नका. त्यावर अ‍ॅसिटोन ओता आणि अ‍ॅसिटेट शीट (पारदर्शक प्लास्टिकचा पातळ पत्रा) एका कडेपासून टेकवत न्या. सपाट टाकली तर हवेचे बुडबुडे अडकतात. अ‍ॅसिटोन पटकन पेट घेते, म्हणून खिडकी उघडी हवी आणि जवळ ज्योत नको. तासाभराने शीट सोला. आम्लात बुडबुडेच आले नाहीत तर खडक डोलोमाइट (मॅग्नेशियम असलेले कार्बोनेट खनिज) झालेला किंवा सिलिकाने बदललेला असू शकतो. तिथे छापाऐवजी प्रकाश आरपार जाईल इतका पातळ काप करावा.

छाप १० पट भिंगाखाली धरा. रुगोझात पहिल्या सहा पडद्यांनंतर नवे मोठे पडदे चारच कप्प्यांत भर घालतात, त्यामुळे मांडणी दुतर्फा सारखी दिसते. झिजलेल्या बाहेरच्या बाजूवर तर हे नुसत्या डोळ्यांनीही दिसते: खाचा मुख्य खाचेला पिसाच्या तंतूंसारख्या तिरक्या येऊन मिळतात. स्क्लेरॅक्टिनियात भर सहाही कप्प्यांत पडते. ६, १२, २४ असे टप्पे दिसतात. एकाच नळीवर निकाल देऊ नका, निदान पाच मोजा. टॅब्युलाटात उभे पडदे नावापुरते किंवा नसतातच. आडव्या फरश्या ठळक असतात, त्या उभ्या कापात पाहा.

दुसरी खूण खनिजाची. कॅल्साइट आणि अरागोनाइट ही कॅल्शियम कार्बोनेटचीच दोन रूपे. रुगोझांचा सांगाडा कॅल्साइटचा, म्हणून बारीक रचना बऱ्याचदा टिकते. स्क्लेरॅक्टिनियांचा अरागोनाइटचा; तो विरघळून जागी जाड कॅल्साइटचे स्फटिक भरतात आणि पडद्यांची नुसती रेघ उरते.

प्रवाळभित्ती शोधायला गेल्यावर प्रवाळ मिळेलच असेही नाही. टेक्सास-न्यू मेक्सिकोतली पर्मियन कॅपिटन भित्ती मुख्यतः स्पंज आणि चुनखडी शैवालांनी बांधलेली आहे. चीनमध्ये चोंगचिंगजवळ लाओलोंगदोंगला स्पंजांच्या भित्तीवर थेट सूक्ष्मजीवांनी घडवलेला गुठळ्यांचा चुनखडक येतो. कापलेला तुकडा पाण्याने ओला केला की काळ्या-पांढऱ्या गुठळ्या उठून दिसतात. त्यांना प्रवाळ म्हणून नोंदवू नका.

ट्रायासिक थरात रुगोझा मिळाले, तर आधी त्याच्या कडा पाहा. गोल झिजलेल्या असतील तर तो जुन्या खडकातून वाहून आलेला गोटा असणार. पर्मियन-ट्रायासिक सीमारेषा नक्की करायला प्रवाळ पुरत नाही. त्यासाठी हिंडिओडस पार्व्हस हा कोनोडोंट (दातासारखे सूक्ष्म जीवाश्म मागे ठेवणारा नामशेष समुद्री प्राणी) शोधावा लागतो, ज्याच्या आगमनावर चीनमधल्या मेइशान इथे ट्रायासिकची सुरुवात २००१ साली अधिकृतपणे ठरवली गेली.