वणव्याचा धूर आणि बंद घर: या चुका टाळा

आकाशाचा रंग बघून बाहेर पडायचं की नाही ते ठरवणं, ही बे एरियातली सगळ्यात जुनी चूक. ९ सप्टेंबर २०२० ला सॅन फ्रान्सिस्कोचं आकाश नारिंगी झालं, भर दुपारी गाड्यांचे दिवे लागले. पण त्या दिवशी धूर बराचसा वरच होता. समुद्रावरून आलेल्या थंड हवेच्या थरामुळे जमिनीलगतची हवा त्या मानाने बरी होती. नारिंगी रंग ओसरला आणि त्यानंतरच्या दिवसांत हवा खरी बिघडली. म्हणून हवा किती खराब आहे ते सांगणारा आकडा, म्हणजे एक्यूआय, बघा. एअरनाऊ या अमेरिकन सरकारी संकेतस्थळाच्या 'फायर अँड स्मोक' नकाशावर घराजवळच्या सेन्सरचा आकडा मिळतो. वारा फिरला की तोही फिरतो, तेव्हा सकाळी पाहिलेल्यावर संध्याकाळी विसंबू नका.

'अरे, पुण्यात दिवाळीला याहून जास्त असतं!'

भारतातून सहा महिन्यांसाठी आलेल्या आईबाबांचं हे ठरलेलं वाक्य. दोन देशांच्या मोजपट्ट्याच वेगळ्या आहेत. पीएम २.५ चं, म्हणजे हवेतल्या अतिबारीक कणांचं, प्रमाण घनमीटरला ५० मायक्रोग्रॅम असेल, तर भारतीय एक्यूआयवर ते 'समाधानकारक' ठरतं. अमेरिकन एक्यूआयवर तीच हवा १३० च्या पुढे, म्हणजे हृदयरोगी, दमेकरी, गरोदर बायका, लहान मुलं आणि वयस्कर माणसांसाठी वाईट. बाबांची बायपास झाली असेल, तर सकाळचा फेरफटका बंद. रुसले तरी बंद.

दारं-खिडक्या लावल्या, प्युरिफायर सुरू आहे, तरी घरातला आकडा उतरत नाही?

आधी स्वयंपाकघरात बघा. बाहेर धूर म्हणून घरात बसायचं आणि वर भजी तळायची, मिरचीची फोडणी द्यायची, देवापुढे उदबत्ती आणि धूप लावायचा. बंद घरात हे सगळं कोंडून राहतं. त्या दिवसांत कुकर, मायक्रोवेव्ह, वरणभात. देवालाही नुसतं फूल चालतं.

मग पंखे तपासा. बाथरूमचा किंवा चुलीवरचा एक्झॉस्ट घरातली हवा बाहेर टाकतो, आणि तितकीच धुराची हवा फटींतून आत ओढली जाते. तो सतत चालू ठेवू नका. सेंट्रल एसीला बाहेरची हवा घ्यायची सोय असेल तर ती बंद करा, पंखा 'ऑटो' वरून 'ऑन' वर न्या आणि यंत्राला झेपत असेल तर मर्व्ह १३ दर्जाचा, बारीक कण अडवणारा फिल्टर बसवा.

एवढं करूनही फरक नसेल तर प्युरिफायर खोलीच्या मानाने लहान आहे. धुरासाठी साधा हिशेब असा: खोली २०० चौरस फूट, तर खोक्यावरचा 'स्मोक' सीएडीआर (यंत्र किती वेगाने हवा साफ करतं तो आकडा) निदान २००. हॉलमधल्या एकाच यंत्राकडून अख्ख्या घराची अपेक्षा धरण्यापेक्षा ते झोपायच्या खोलीत ठेवा, दार लावा. 'ओझोन सोडून हवा शुद्ध करतो' असं लिहिलेलं यंत्र घेऊच नका. ओझोन फुप्फुसांना त्रासदायक आहे.

मास्क

ओला रुमाल, ओढणी किंवा निळा सर्जिकल मास्क या बारीक कणांना पुरत नाही. एन ९५ च हवा, दोन्ही पट्टे डोक्यामागून घेतलेला. दाढी असेल तर कडेने हवा शिरतेच.

उकाड्यात एसी नसलेलं घर गच्च बंद करून बसणं धुराइतकंच घातक. अशा वेळी वाचनालय किंवा मॉल गाठा. गाडीत काचा वर आणि हवा 'रीसर्क्युलेट' वर, म्हणजे आतलीच हवा फिरत राहील.

छातीत दुखतंय किंवा बोलतानाही धाप लागतेय, तर 'बघू उद्या' म्हणू नका, ९११ ला फोन करा. विमा काय भरून देतो ते नंतर बघता येईल.

धूर सरला की खिडक्या उघडा. अंगणातली राख लीफ ब्लोअरने उडवू नका. मास्क घालून, पाणी शिंपडून हलक्या हाताने गोळा करा. आणि काळा पडलेला फिल्टर 'अजून महिनाभर चालेल' म्हणून ठेवू नका, पुढचा वणवा पेटला की दुकानात नवा मिळत नाही.