सी-फोर डोक्यात बसत नाही? ज्वारीचं पान कापून बघा

अकरावीला सी-थ्री आणि सी-फोर या प्रकाशसंश्लेषणाच्या दोन पद्धतींचा तक्ता कितीही घोका, कुठलं एन्झाइम कुठल्या पेशीत हे परीक्षेत उलटसुलट होतंच. सोलापुरात राहून असं व्हावं म्हणजे कमाल आहे! आपली मालदांडी ज्वारी सी-फोर, शेजारच्या वावरातला गहू सी-थ्री. दिवाळीनंतर दोन्ही शिवारात उभी असतात.

प्रॅक्टिकलला जाताना दोन्हींचं एकेक ताजं पान ओल्या फडक्यात गुंडाळून न्या. बटाट्याच्या फोडीत धरून नव्या ब्लेडने आडवे काप घ्या, पाण्यात सोडा, सगळ्यात पातळ तेवढा उचलून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवा. पहिले पाच-सहा जाडच येतात. रंग देऊ नका, हिरवेपणाच बघायचा आहे. ज्वारीत शिरेभोवती मोठ्या हिरव्या पेशींचं कडं दिसतं. ती बंडल शीथ, रुबिस्को हे एन्झाइम तिथे. बाहेरच्या मेसोफिलमध्ये, म्हणजे कड्याबाहेरच्या हिरव्या पेशींत, पेप कार्बोक्झिलेज हे दुसरं एन्झाइम. ते आधी कार्बन पकडून चार कार्बनचं आम्ल बनवतं. गव्हात असं गडद कडं नाही.

त्याच रात्री वही न उघडता आकृती काढा, चुका लाल पेनने दुरुस्त करा. तीन दिवसांनी पुन्हा.

ज्वारी निघाली असेल तर मका किंवा ऊस चालतो. उसाचं पान मात्र जपून, कडेने बोट कापतं.