चोक सोडला की बंद पडणारी बाइक
जुनी बाइक घेतली ती फक्त चोक (इंजिनात जाणारी हवा कमी करणारा खटका) ओढल्यावर चालायची. सगळे म्हणाले, कार्ब्युरेटरच (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) बदल. खिशात तेवढं नव्हतं, म्हणून आधी तो उघडला. पायलट जेटचं, म्हणजे इंजिन हळू चालताना पेट्रोल सोडणाऱ्या पितळी तुकड्याचं, बारीक भोक जुन्या पेट्रोलच्या चिकट थरानं बुजलं होतं. त्यात तार घालू नका. पितळ मऊ असतं, भोक रुंदावतं. क्लीनर आणि हवेचा झोत पुरला.

तरी आयडल, म्हणजे अॅक्सिलरेटर न देता इंजिनचा वेग, वरखाली होतच होतं. कार्ब्युरेटर आणि इंजिनमधल्या रबरी जोडावर साबणाचं पाणी शिंपडलं, आणि आवाज क्षणभर स्थिर झाला. म्हणजे तिथूनच हवा ओढली जात होती! रबर बदललं, चोकची गरज संपली.

उरलेले पैसे ब्रेक शू आणि टायरला दिले. तिथे जुनं चालवून घ्यायला माझं मन धजत नाही. रंगाचं नंतर बघू.