स्थानिक निवडणुकीच्या निकालाला न्यायालयात आव्हान देताना या चुका टाळा

स्थानिक स्वराज्य संस्थेच्या निवडणुकीत गैरप्रकार झाला असूनही पराभूत उमेदवाराची तक्रार फेटाळली जाते, तेव्हा पुष्कळदा मूळ वादाची सुनावणीच झालेली नसते. चुकीच्या न्यायालयात, मुदत टळल्यावर किंवा मोघम आरोपांनिशी गेल्यामुळे खरी तक्रारही दारातच अडते, आणि मतदाराच्या दृष्टीने ही मोठी हानी आहे.

पहिली चूक थेट उच्च न्यायालयात रिट याचिका, म्हणजे राज्यघटनेने दिलेल्या अधिकाराखाली आदेश मागणारी याचिका, करण्याची. भारतीय राज्यघटनेच्या अनुच्छेद २४३-ओ आणि २४३-झेडजीनुसार पंचायत व नगरपालिका निवडणुकीला राज्याच्या कायद्याने ठरवलेल्या प्राधिकाऱ्यापुढे निवडणूक याचिका करूनच आव्हान देता येते. उच्च न्यायालयाचा अधिकार यामुळे पुसला जात नाही. परंतु कायद्याने दुसरा मार्ग दिलेला असताना ते सहसा हस्तक्षेप करत नाही. चंडीगडच्या महापौर निवडणुकीत २०२४ साली मोजणीत अवैध ठरवलेली आठ मते सर्वोच्च न्यायालयाने ग्राह्य धरून निकाल फिरवला खरा, पण तेथे पीठासीन अधिकाऱ्यानेच मतपत्रिकांवर खुणा केल्याचे कॅमेऱ्यात दिसले होते. अशा अपवादावर विसंबून आपली रणनीती आखू नये.

मुदतीबाबत गाफील राहणे ही दुसरी चूक. महाराष्ट्रात ग्रामपंचायत निवडणुकीसाठी निकाल जाहीर झाल्यापासून १५ दिवस मिळतात. इंग्लंडमध्ये स्थानिक निवडणुकीसाठी सर्वसाधारण मुदत २१ दिवसांची, आणि तीही मतदानाच्या दिवसापासून मोजली जाते.

सर्वांत महाग पडणारी चूक मात्र अनियमितता दाखवून थांबण्याची आहे. त्या अनियमिततेचा निकालावर काय परिणाम झाला, हे आकड्यांनिशी मांडावे लागते. ग्रेटर लंडन कौन्सिलच्या १९७३ च्या निवडणुकीतील मॉर्गन विरुद्ध सिम्पसन खटल्यात विजयी उमेदवाराचे मताधिक्य अवघे ११ होते, तर कर्मचाऱ्यांनी अधिकृत शिक्का न मारल्यामुळे ४४ मतपत्रिका बाद झाल्या होत्या. त्या मोजल्या असत्या तर प्रतिस्पर्धी ७ मतांनी जिंकला असता, आणि म्हणूनच अपील न्यायालयाने निवडणूक रद्द केली. चूक लहान होती, मताधिक्य त्याहून लहान होते. मात्र हीच कसोटी सर्वत्र लागते असे समजू नये. दक्षिण आफ्रिकेच्या घटना न्यायालयाने २०१५ साली ट्लोक्वे नगरपालिकेच्या पोटनिवडणुका रद्द करताना त्या मुक्त व न्याय्य वातावरणात झाल्या का, हे पाहिले. प्रभागात राहत नसलेल्यांची मतदारयादीतील नोंद तेथे कळीची ठरली. आपल्या कायद्याची कसोटी कोणती, हे याचिकेचा मसुदा करण्यापूर्वीच नक्की करावे, कारण पुरावा त्यानुसारच गोळा करावा लागतो.

फेरमोजणीची मागणीही नेमका तपशील न दिल्यामुळेच फसते. ‘मोजणीत घोळ झाला’ एवढे म्हटल्याने मतपेट्या उघडल्या जात नाहीत, कारण मतदानाची गुप्तता जपणे हेही न्यायालयाचेच काम आहे. कोणत्या केंद्रावरील, कोणत्या स्वरूपाची, सुमारे किती मते चुकीने बाद झाली किंवा धरली गेली, आणि मोजणीच्या वेळी लेखी हरकत घेतली होती का, हे याचिकेतच यावे.

शेवटी, मागणी नेमकी ठेवावी. केवळ निवडणूक रद्द करण्याची मागणी आणि त्यासोबत स्वतःला विजयी घोषित करण्याची मागणी यांत मोठा फरक आहे. दुसऱ्या प्रकारात बहुधा सर्वच उमेदवारांना प्रतिवादी करावे लागते, आणि त्यांनाही याचिकाकर्त्याच्या मतांवर हरकत घेता येऊ शकते.