विहिरीचं पाणी आणि नायट्रेटचा इलेक्ट्रोड: नवीन हातांसाठी

नायट्रेटचा आकडा मीटरवर चुकलेला दिसतो, पण तो बिघडलेला असतो बहुतेक वेळा त्याआधीच. म्हणून सुरुवात बाटलीपासून करा. धातूंच्या तपासणीसाठी नायट्रिक आम्लाने धुतलेली बाटली इथे अजिबात नको. नमुना बर्फात आणा आणि शक्यतो त्याच दिवशी मोजा.

नमुन्यात बाहेरचं नायट्रेट शिरायची दुसरी चोरवाट रेफरन्स इलेक्ट्रोडची, म्हणजे ज्याच्या तुलनेत व्होल्टेज मोजतात त्या जोडीदाराची. डबल जंक्शनच (आत-बाहेर दोन कप्प्यांचा) घ्या. त्याच्या बाहेरच्या कप्प्यात पोटॅशियम नायट्रेट असेल तर तेच झिरपून नमुन्यात उतरतं, म्हणून तिथे अमोनियम सल्फेट भरा.

१.६३१ ग्रॅम वाळवलेलं पोटॅशियम नायट्रेट एक लिटर पाण्यात विरघळवलं की १००० मिग्रॅ/लिटर नायट्रेटचं स्टँडर्ड, म्हणजे माहीत तीव्रतेचं द्रावण, होतं. त्यातून १०० आणि १० मिग्रॅ/लिटरची करा. स्टँडर्ड असो वा नमुना, दर १०० मिलीला २ मोलर अमोनियम सल्फेट २ मिली घाला. मोजताना आधी पातळ, मग तीव्र. २५ अंशांना दर दसपटीला ५४ ते ६० मिलीव्होल्टची घसरण मिळायला हवी. कमी आली तर मेंब्रेन (इलेक्ट्रोडच्या टोकाचा, नायट्रेटला प्रतिसाद देणारा पडदा) १०० च्या स्टँडर्डमध्ये तासभर भिजवा. तरीही सुधारली नाही तर मेंब्रेन बदला. ते पुसू नका, टिश्यू नुसता टेकवा.

एक मिलीव्होल्ट इकडचा तिकडे झाला की उत्तरात चार टक्क्यांची चूक येते, हे मनावर कोरून ठेवा. मॅग्नेटिक स्टररची वरची पाटी तापते, तेवढ्यानेही आकडा सरकतो. बीकरखाली थर्मोकोलचा तुकडा ठेवा. इलेक्ट्रोड किंचित तिरका धरला की टोकाशी बुडबुडा अडकत नाही.

अकोला-बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यातल्या पाण्यात क्लोराइड भरपूर, आणि मेंब्रेन त्यालाही थोडा प्रतिसाद देतं. तिथे आकडा फुगतो. सिल्व्हर सल्फेटने क्लोराइड आधी खाली बसवा.

नायट्राइट हा वेगळा आयन, त्याची पद्धतही वेगळी. त्यासाठी ग्लासी कार्बन (काचेसारखा गुळगुळीत कार्बन) इलेक्ट्रोड ०.०५ मायक्रॉनच्या अॅल्युमिना भुकटीवर आठाच्या आकड्यात घासा, धुवा, मग pH ७ च्या फॉस्फेट बफरमध्ये स्कॅन करा, म्हणजे व्होल्टेज हळूहळू वाढवत करंट मोजा. सिल्व्हर-सिल्व्हर क्लोराइड रेफरन्सच्या तुलनेत साधारण +०.८ ते +०.९ व्होल्टला करंटचं पीक (शिखर) येतं. आम्लात नायट्राइट टिकत नाही, त्याचं स्टँडर्ड रोज ताजं करावं लागतं.

अहवालात ‘नायट्रेट’ की ‘नायट्रेट-नायट्रोजन’, ते स्पष्ट लिहा. भारतीय मानकाची ४५ मिग्रॅ/लिटरची मर्यादा नायट्रेटची आहे. नायट्रोजन म्हणून तीच सुमारे १०.२ होते.