वाचून आलेल्यांना बोलतं कसं करावं?

कार्यशाळेआधी तीस पानांची पीडीएफ पाठवली की ती कुणी उघडत नाही. दोनच पानं पाठवा, सोबत एकच काम द्या: पटलेल्या वाक्याखाली रेघ, न पटलेल्यासमोर प्रश्नचिन्ह.

मजकूर मात्र वाद घालण्याजोगा हवा. बडोद्यात मराठी शिक्षक-पालकांची बैठक असेल, तर सयाजीराव महाराजांच्या सक्तीच्या शिक्षणावरचा घ्या. १८९३मध्ये अमरेलीत प्रयोग, १९०६मध्ये राज्यभर कायदा, आणि मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकांना दंड. मोफत शिक्षण सगळ्यांना पटतं. दंडापाशी मतं फुटतात. चर्चा तिथूनच सुरू करा.

त्या दिवशी सारांश सांगत बसू नका, वाचून आलेल्यांचा तो अपमानच. आधी दोघादोघांनी आपापल्या खुणा एकमेकांना दाखवायच्या, मग चौघांत, मग सगळ्यांसमोर. ‘ताई, इथे प्रश्नचिन्ह का केलंत?’ एवढं शेजारणीने विचारलं की एरवी गप्प बसणाऱ्याही बोलू लागतात. ज्येष्ठांना शेवटी बोलायची विनंती करा. ते आधी बोलले की बाकीचे नुसत्या माना डोलावतात. न वाचता आलेल्यांसाठी जादा प्रती ठेवा आणि सुरुवातीची दहा मिनिटं सगळ्यांनीच शांतपणे वाचा.